पुसलेल्या फाइली आणि 'फोटोरेक'

सोलापूरच्या हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या ग्रंथालयात एखाद्या पुस्तकाचे सूचीतले कार्ड काढून टाकले, तरी पुस्तक कपाटातच राहते. संगणकाच्या डिस्कवरही बहुधा असेच घडते. फाइल पुसली की तिची नोंद रद्द होते. मजकूर मात्र त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत टिकतो.

१९९१ च्या एमएस-डॉस ५ मधील 'अनडिलीट' ही आज्ञा रद्द झालेली नोंद दुरुस्त करी. नावाचे पुसलेले पहिले अक्षर तेवढे आपल्याला विचारी. क्रिस्तोफ ग्रेनिए यांची 'फोटोरेक' ही मोफत आज्ञावली नोंदीवर विसंबतच नाही. फाइलीच्या प्रकारानुसार तिच्या आरंभी असणारी ठरावीक खूण ती डिस्कभर शोधते. हेच तिचे बळ आणि हाच तिचा उणेपणा. मूळ नावे सहसा परत मिळत नाहीत. विखुरलेल्या तुकड्यांत साठवलेली फाइल अनेकदा अर्धवट येते. एसएसडीवर तर पुसलेला मजकूर बहुधा लवकरच नाहीसा होतो.

तरीही जुन्या पेनड्राइव्हवर वर्गात करून पाहण्यास हा प्रयोग उत्तम आहे, असे आम्हांला वाटते. सापडलेल्या फाइली मात्र दुसऱ्या डिस्कवर साठवाव्यात. आणि शाळेचा जुना संगणक कोणाला देण्यापूर्वी एवढे लक्षात घ्यावे : आपण पुसलेली गुणपत्रके इतरांनाही वाचता येऊ शकतात.