'मारेकरी आपल्यातच आहेत' : यातले 'आपण' कोण?

आज आपण एकाच चित्रपटाविषयी बोलणार आहोत. वोल्फगांग श्टाउट यांचा 'डी म्योर्डर झिंड उंटर उन्स', म्हणजे 'मारेकरी आपल्यातच आहेत'. महायुद्धानंतर जर्मनीत तयार झालेला हा पहिला कथापट. सोव्हिएत विभागातल्या नव्या 'डेफा' या संस्थेने तो काढला आणि १५ ऑक्टोबर १९४६ला बर्लिनमध्ये त्याचा पहिला खेळ झाला. तारीख लक्षात ठेवा. न्यूरेंबर्गचा निकाल लागून दोन आठवडे झाले होते, आणि त्याच रात्री तिथे फाशीची तयारी चालली होती.

कथा थोडक्यात सांगतो. सुझान ही तरुणी छळछावणीतून सुटून बर्लिनला परतते. तिच्या पडक्या घरात डॉक्टर मेर्टेन्स राहतोय. तो दारूत बुडालेला आहे, रक्त बघवत नाही म्हणून शस्त्रक्रिया सोडलेली. १९४२च्या नाताळात पोलंडमध्ये त्याच्या वरिष्ठाने, ब्रुकनरने, १२१ नागरिकांना गोळ्या घालायला लावल्या. त्यात मुलंही होती. मेर्टेन्सने विनवणी केली, ती फेटाळली गेली. आता तोच ब्रुकनर बर्लिनमध्ये सुखाने नांदतोय. त्याचा कारखाना आहे; लष्करी शिरस्त्राणांपासून तिथे स्वयंपाकाची भांडी बनतात!

आमच्या मते चित्रपटाचं सगळ्यात मोठं यश हा ब्रुकनरच आहे. राक्षस नाही, क्रूर डोळ्यांचा खलनायक नाही. हसतमुख, बायकामुलांत रमणारा, पाहुण्याची विचारपूस करणारा गृहस्थ. तो निवांत पाव खातोय आणि समोरच्या वर्तमानपत्रावर ऑशविट्झच्या बळींची बातमी आहे, हे एकच दृश्य पुष्कळ बोलतं. हाना आरेन्ट यांचं आइकमनवरचं पुस्तक १९६३चं. 'दुष्टपणा किती साधासुधा दिसतो' ही गोष्ट पडद्यावर त्याआधी सतरा वर्षं येऊन गेली होती. अर्थात फरक आहे. ब्रुकनर हुकूम पाळणारा कारकून नव्हे. हुकूम त्यानेच दिलेला आहे.

आता टीकेकडे वळू. पुढच्या पिढीच्या अभ्यासकांनी घेतलेले आक्षेप साधारण तीन. पहिला, सुझान छावणीतून आली, पण तिच्यावर काय गुजरलं ते चित्रपट विचारतच नाही. हिल्डेगार्ड क्नेफचा चेहरा टवटवीत दिसतो, ती येते आणि केर काढायला लागते. सोसलं तिने आणि शुश्रूषा मात्र त्याची! दुसरा, ज्यूंचा उल्लेख जवळजवळ नाहीच. तिसरा, तिरपा कॅमेरा आणि लांब सावल्या या जुन्या शैलीमुळे अपराध हा माणसांनी केलेला न वाटता नियतीने लादलेला वाटतो. 'पहिलाच प्रयत्न होता, सांभाळून घ्या' असं म्हणून हे आक्षेप उडवून लावता येणार नाहीत. पहिला आक्षेप तर आम्हांला पूर्ण मान्य आहे.

पण खरी मेख शेवटात आहे. मूळ संहितेत मेर्टेन्स ब्रुकनरला ठार मारतो. तेव्हा नावही 'ज्याला मी ठार मारणार आहे तो माणूस' असं होतं. सोव्हिएत अधिकाऱ्यांनी शेवट बदलायला लावला. आता सुझान त्याला अडवते : निवाडा करण्याचा हक्क आपल्याला नाही. मेर्टेन्स म्हणतो, पण आरोप ठेवणं हे आपलं कर्तव्य आहे. सेन्सॉरने कलाकृती सुधारल्याची उदाहरणं विरळा, हे त्यातलं एक. सूडाने हिशेब मिटतो, आरोपाने तो उघडा राहतो.

मात्र इथेच एक अडचण उभी राहते. जर्मन भाषेत 'आम्ही' आणि 'आपण' यांना एकच शब्द. मराठीत तो भेद आहे, आणि तो लावून बघितला की चित्रपट उलगडतो. शीर्षकातला शब्द 'आपण' आहे : मारेकरी आपल्यातलेच, आपल्यासारखेच. शेवटच्या संवादात त्याचा नकळत 'आम्ही' होतो : आम्ही फिर्यादी, तो आरोपी. गजाआड ओरडणारा ब्रुकनर एका बाजूला, बाकी सगळा समाज दुसऱ्या बाजूला. मग त्या रात्री विनवणी फेटाळली गेल्यावर मेर्टेन्स गणवेशातच राहिला, त्याचं काय? कार्ल यास्पर्स यांनी त्याच सुमारास अपराधाचे चार प्रकार सांगितले : फौजदारी, राजकीय, नैतिक आणि पारलौकिक. पहिल्याचा निवाडा न्यायालय करतं. नैतिक अपराधाचा ज्याने त्याने आपल्या विवेकापुढे करायचा. चित्रपट मेर्टेन्सची नैतिक वेदना दाखवतो आणि उत्तर फौजदारी देतो. दुखणं एक, औषध दुसऱ्याच दुखण्याचं.

श्टाउट यांना हे आतून माहीत असणार. 'ज्यू झ्यूस' या कुप्रसिद्ध नाझी चित्रपटात त्यांनी स्वतः छोटी भूमिका केली होती. पुढे १९५९मध्ये, पश्चिम जर्मनीत, 'रोझेन फ्यूर डेन श्टाट्सआनवाल्ट' या चित्रपटात त्यांनी पुन्हा एक जुना नाझी, आता सरकारी वकील झालेला, पकडला. म्हणजे आरोप ठेवणाऱ्यांच्या खुर्चीतच मारेकरी! १९४६च्या शेवटावर त्यांनी स्वतःच केलेली ही सगळ्यात कडक टीका, असं आम्ही मानतो.

तेव्हा हा चित्रपट जरूर बघा, आणि शेवटचं वाक्य ऐकताना त्यातलं सर्वनाम तपासा. कुठल्याही समाजाने 'आम्ही आरोप ठेवतो' म्हटलं की विचारावं : यात 'आपण' आहोत की नाही? आता प्रश्न घेऊ.