पँडेमोनियम: नरकाची सुरेल राजधानी

सभागृहात गदारोळ झाला की इंग्रजी वर्तमानपत्रांच्या मथळ्यात 'पँडेमोनियम' हा शब्द हमखास येतो. कानठळ्या बसवणारा गोंगाट, कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही अशी अवस्था, एवढाच त्याचा अर्थ आज उरला आहे. ज्या काव्यात हा शब्द जन्मला, त्या जॉन मिल्टनच्या 'पॅराडाइज लॉस्ट'मध्ये (१६६७) मात्र ते एका भव्य वास्तूचे नाव आहे. सैतानाची ही राजधानी नरकाच्या जमिनीतून वर येते, ती मंजुळ वाद्ये आणि गोड गळ्यांच्या साथीवर.

शब्द मिल्टननेच घडवला. ग्रीक 'पॅन' म्हणजे सर्व, 'डायमन' म्हणजे अदृश्य शक्ती, आणि शेवटी स्थळ दाखवणारा लॅटिन प्रत्यय. रोममधले पँथिऑन सगळ्या देवांचे, हे सगळ्या दैत्यांचे. जुन्या ग्रीकांचा डायमन दुष्ट नव्हता. चुकीचे पाऊल पडण्याआधी सॉक्रेटिसला अडवणारा आवाज याच कुळातला. ख्रिस्ती परंपरेने त्याचा सैतान केला.

पहिल्या सर्गातला बांधकामाचा प्रसंग मी पुन्हा पुन्हा वाचतो. मॅमन या दैत्याची टोळी डोंगर फोडून सोने काढते, दुसरी ते वितळवते, तिसरी जमिनीत साचा कोरते, आणि तापलेला रस साच्याच्या कानाकोपऱ्यांत एकाच वेळी पोचतो. हे कसे घडते ते सांगताना मिल्टन ऑर्गन आठवतो: हवेचा एकच झोत आत शिरतो आणि नळ्यांच्या कितीतरी रांगा एकदम बोलू लागतात. मिल्टनचे वडील संगीतरचनाकार होते आणि तो स्वतः ऑर्गन वाजवत असे. हे काव्य त्याने दृष्टी गेल्यावर दुसऱ्यांकडून लिहवून घेतले. उपमा आहे धातूच्या प्रवाहासाठी, पण तिने आपला कान आधीच लावून ठेवलेला असतो. लगेच पुढे वास्तू वाफेसारखी वर येते आणि तिच्यासोबतचे संगीत आता उपमेतले नसते, खरोखरच ऐकू येत असते. एवढ्या थोड्या ओळींत दृश्याला नादात नेणारा दुसरा कवी मला माहीत नाही.

आत भरते ती रीतसर सभा. कर्णे वाजवून तिची दवंडी पिटली जाते. दैत्यांपैकी मोलोक युद्ध मागतो, बीलियल सबुरीचा सल्ला देतो, मॅमन नरकातच संसार थाटू म्हणतो. मॅमनचे बोलणे संपल्यावर उठणारी कुजबुज मिल्टनने वादळ शमल्यावर खडकांच्या कपारींत रेंगाळणाऱ्या वाऱ्याच्या आवाजासारखी केली आहे, आणि सभा उठते ती दूरवरच्या मेघगर्जनेसारखी. मिल्टन १६४९पासून इंग्लंडच्या प्रजासत्ताक सरकारचा परराष्ट्र पत्रव्यवहार पाहत होता. राज्यकर्त्यांच्या बैठका कशा चालतात हे त्याला जवळून ठाऊक होते. इथे दुष्टपणा आरडाओरडा करत नाही, शिस्तीत मुद्दे मांडतो. म्हणूनच या सभेची भीती वाटते. काव्यातला खरा कल्लोळ दुसरीकडेच आहे: नरकाचे दार ओलांडून सैतान बाहेर पडतो तेव्हा 'केऑस'च्या, म्हणजे आदिम गोंधळाच्या, प्रदेशात तो त्याच्या कानांवर आदळतो.

पुढच्या काळाने हे अंतर पुसून टाकले. अठराव्या शतकात हा शब्द कुठल्याही दुराचाराच्या अड्ड्याला लागला, एकोणिसाव्यात नुसत्या धुडगुसाला. मूळ प्रसंग ज्यांनी लक्षात ठेवला त्यांत हम्फ्री जेनिंग्ज हा माहितीपटकार. यंत्रयुगाच्या आगमनावर त्याने जमवलेले लेखन त्याच्या मृत्यूनंतर १९८५ साली याच नावाने प्रसिद्ध झाले, आणि त्याची सुरुवात मिल्टनच्या या बांधकामानेच होते. या पुस्तकातून प्रेरणा घेऊन दिग्दर्शक डॅनी बॉइलने २०१२च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनात याच नावाचा प्रवेश बसवला. त्यात हिरव्या कुरणातून कारखान्यांची धुराडी वर आली आणि शेकडो ढोल घुमले.

पण मिल्टनने आवाजाचे एक बीज आधीच पेरून ठेवले होते. पहिल्या सर्गात दाटीवाटीने आत शिरणाऱ्या दैत्यांच्या पंखांची सळसळ सांगताना त्याने योजलेला शब्द सापाच्या फूत्काराचा आहे. घाईने वाचणाऱ्याचे तिकडे लक्षही जात नाही. दहाव्या सर्गात सैतान माणसाला भुलवून विजयी मुद्रेने परत येतो, भाषण संपवतो आणि जयघोषाची वाट पाहत उभा राहतो. चारी बाजूंनी उठतो तो फूत्कार, कारण सभेतला प्रत्येक जण साप झालेला असतो. सैतान बोलायला जातो, आणि त्याच्याही दुभंगलेल्या जिभेतून तोच आवाज निघतो.