पकडीकडे कोण बघतं?

कबड्डीत एका चढाईला ३० सेकंद मिळतात. तेवढ्यात टीव्हीवरचा समालोचक काय काय सांगतो, हे मी काही मोसम मुद्दाम ऐकतोय. चढाईपटूचं नाव, त्याचं टोपणनाव, आजचे गुण, मोसमातले गुण आणि शेवटी आरोळी. समोरचे सात जण काय करतायत, हे बहुतेक वेळा राहूनच जातं. प्रो कबड्डीच्या प्रक्षेपणाबद्दल माझी मुख्य तक्रार हीच आहे.

आधी श्रेय देऊ. २६ जुलै २०१४ ला वरळीत यू मुम्बा आणि जयपूर पिंक पँथर्सच्या सामन्याने लीग सुरू झाली. सहाच दिवसांनी, १ ऑगस्टला, पालघर जिल्हा झाला. म्हणजे आमचा जिल्हा आणि ही झगमगती कबड्डी एकाच वयाची. रात्री आठला, ऐन मालिकांच्या वेळेत, घरातला रिमोट कबड्डीकडे वळवणं सोपं नव्हतं. त्यात त्या आरोळ्यांचाही वाटा आहे.

असाच जुगार अमेरिकेत १९७० साली एबीसी वाहिनीने 'मंडे नाइट फुटबॉल' सुरू करून खेळला होता. त्यांचा हॉवर्ड कोसेल इतका बोलायचा, की लोक त्याच्यावर चिडायलाही टीव्ही लावत. पण पुढे त्यांच्याकडे जॉन मॅडनसारखा प्रशिक्षक माइकवर आला. तो पडद्यावर रेघोट्या मारून दाखवायचा, की चेंडू घेऊन पळणाऱ्याला वाट कुणी करून दिली. ज्यांच्या हातात चेंडू कधी येत नाही, अशा धिप्पाड गड्यांकडे त्याने प्रेक्षकांना बघायला लावलं.

आपल्याकडे ही रेघोटी कमी पडते. २०१७ ची प्रदीप नरवालची चढाई तुम्ही फोनवर पाहिली असेलच: हरियाणा स्टीलर्सचे सहाही जण एका दमात बाद, वर लोणचे दोन, एकूण आठ गुण. क्लिपमध्ये प्रदीप दिसतो, ते सहा जण दिसत नाहीत. नियम असा, की पकडलेला गडी मध्यरेषेला टेकला तर त्याला हात लावलेले सगळे बाद. मग आधी कोण धावलं, साखळी कुठे तुटली, मागून आलेल्यांनी थांबायला हवं होतं का? खरा खेळ या प्रश्नांत आहे.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. सिस्टीम कोसळली की शेवटची लाल ओळ सगळ्यांना दिसते, कारण मात्र बरंच वर लपलेलं असतं. चढाईचंही तसंच. गडी कोपऱ्यात अडकला, हे शेवटचं. त्याआधी दुसऱ्या बाजूच्या कव्हरने एक पाऊल पुढे टाकून त्याला तिकडे ढकललेलं असतं.

आकड्यांवर चालणारं समालोचन आपोआप चढाईपटूकडे झुकतं. एका चढाईत चार गुण मिळू शकतात, पकडीचा मात्र एकच, अव्वल पकड असेल तर दोन. म्हणून प्रदीपचे चढाईचे गुण दीड हजारांपलीकडे गेले, आणि पकडीचे ५०० गुण गाठणारा पहिला खेळाडू, इराणचा फझल अत्राचली, बेरजेत छोटा दिसतो. त्याला 'सुलतान' म्हणून हाक मारली जाते, पण तो घोटा नेमका कधी धरतो आणि कधी सोडून देतो, हे कुणी सांगत नाही.

एका चढाईनंतर पाच सेकंदांत दुसरी सुरू व्हावी लागते, हे मान्य. समालोचकाला उसंत नसते. पण रिप्ले असतो, मध्यंतर असतं, टाइमआउट असतो.

हा फक्त टीव्हीचा प्रश्न असता तर मी एवढं लिहिलं नसतं. पालघर-बोईसरकडे रात्रीच्या स्पर्धांत माइकवरचा माणूस मैदानातल्या गड्यांना नावाने, घराण्याने ओळखतो. 'तिसरी चढाई आहे, कोपरा सांभाळा,' असं तो म्हणतो तेव्हा शेजारी बसलेलं पोर कोपऱ्याकडे बघतं. तारापूर एमआयडीसीतली पाळी संपवून मॅटवर उतरलेल्या कोपरारक्षकाचं तेवढंच नाव होतं. आता हाच माणूसही टीव्हीसारखं ओरडायला लागलाय: 'सुपर रेड!' शब्द इंग्रजी आहे, याचं मला काही वाटत नाही. त्या ओरडण्यात कोपऱ्याचा उल्लेख गेला, याचं वाटतं. ज्याचं नाव माइकवर कधीच येत नाही, ती जागा उद्या कुठलं पोर मागून घेईल?

पुढच्या सामन्यात एक करून बघा. पाच मिनिटं आवाज बंद करा आणि फक्त डाव्या कोपऱ्याच्या पायांकडे बघा. मग आवाज लावा, आणि त्यातलं किती तुम्हाला सांगितलं जातंय ते मोजा.