पाद्र्याच्या बदल्या, मुलांचे देश

पीटर ह्यूनच्या ‘मान्से!’ या इंग्रजी आत्मकथनाच्या उपशीर्षकाचा अर्थ आहे ‘एका कोरियन-अमेरिकनाची जडणघडण’. युनिव्हर्सिटी ऑफ हवाई प्रेसने ते १९८६ साली छापलं. उपशीर्षक वाचून आपण अमेरिकेची वाट बघत राहतो आणि ती काही लवकर येत नाही. आधी सोल, मग शांघाय. लेखक हवाईला पोचायच्या बेतात येतो तेव्हा तो सतरा वर्षांचा असतो आणि पुस्तक संपत आलेलं असतं.

पहिल्यांदा हे खटकतं. मग लक्षात येतं की या घरात अमेरिका आधीपासूनच होती. ती आणली होती वडिलांनी.

रेव्हरंड ह्यून सून १९०३ साली हवाईला गेले ते दुभाषा म्हणून. साखरेच्या मळ्यांसाठी कोरियातून मजूर जहाजांनी जात होते. पहिलं जहाज त्याच वर्षीच्या जानेवारीत होनोलुलूला लागलं, आणि १९०५ पर्यंत सात हजारांवर माणसं गेली. त्यांतले बरेचसे इंचॉनच्या मेथडिस्ट चर्चमधले. ह्यून सून त्यांच्यासाठी मुकादमाचं बोलणं कोरियनमध्ये सांगत, आणि रविवारी बायबल. पुढे ते काउआई बेटावर पाद्री झाले. १९०७ मध्ये कुटुंब कोरियात परतलं आणि ते सोलच्या चोंगदोंग मेथडिस्ट चर्चमध्ये काम करू लागले.

मेथडिस्ट पंथात पाद्री आपली मंडळी आपण निवडत नाही. बिशप नेमणूक करतो, पाद्री बिऱ्हाड उचलतो. आपल्याकडच्या बँकवाल्यांच्या बदल्यांसारखंच. घरही चर्चचं, आपलं नाही. ह्यून सूनांच्या बाबतीत या बदल्यांमध्ये एका हरलेल्या देशाचं राजकारण मिसळलं. १९१० मध्ये जपानने कोरिया गिळला. १ मार्च १९१९ ला स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला, त्यावरच्या ३३ सह्यांपैकी १६ ख्रिश्चनांच्या होत्या. बाहेरच्या जगाला ही बातमी कळवण्यासाठी ह्यून सूनांना काही दिवस आधीच शांघायला पाठवलं होतं.

म्हणजे मुलाच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस उजाडला तेव्हा वडील घरात नव्हते. पुस्तकाचं नाव त्या दिवसाच्या घोषणेवरून आलंय. ‘मान्से’ म्हणजे दहा हजार वर्षं. देश चिरायू होवो. बारा-तेरा वर्षांच्या पोराच्या नजरेने लिहिलेला हा भाग पुस्तकाचा कणा आहे. इतिहासाच्या पुस्तकात १ मार्च हे ‘अहिंसक आंदोलन’ असतं. इथे तो गल्लीतून येणारा आवाज आहे आणि त्यानंतरची पोलिसांची भीती.

माझी तक्रार वेगळ्या जागी आहे. पीटरला वडिलांचा अभिमान इतका आहे की तो त्यांना प्रश्न विचारत नाही. वडील दाराबाहेर पडतात, पुस्तक त्यांच्याकडे कौतुकाने बघतं. मागे राहते ती आई, मरिया. आठ मुलं झाली तिला. १९२० मध्ये जपानी पोलिसांच्या नजरेखालून मुलांना घेऊन ती शांघायला पोचली. हे पुस्तकात आहे, पण घटना म्हणून. तिला काय वाटलं असेल, हे नाही. मराठी वाचकाला इथे लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ आठवल्याशिवाय राहत नाही. रेव्हरंड टिळकही न सांगता घरातून निघून जायचे, पण ती गोष्ट सांगायला लक्ष्मीबाई होत्या. त्यामुळे टिळक थोरही दिसतात आणि त्यांचा रागही येतो. मरियाबाईंनी लिहिलं असतं तर ह्यून सूनही असेच पूर्ण दिसले असते.

पण पुस्तकातली खरी गोष्ट मला एका साध्या तपशिलात सापडली: कुठलं मूल कुठे जन्मलं. थोरली ॲलिस १९०३ मध्ये हवाईत. पीटर १९०६ मध्ये काउआईवर. डेव्हिड १९१७ मध्ये सोलमध्ये. हवाई तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होतं, त्यामुळे ॲलिस आणि पीटर जन्माने अमेरिकन. डेव्हिड परका. कोरियन स्थलांतरिताला १९५२ पर्यंत अमेरिकेचं नागरिक होताच येत नव्हतं. एकाच पाद्र्याची पोरं, आणि देश ठरला बापाची नेमणूक त्या वर्षी कुठे होती त्यावरून.

माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्यांना हे जुनं वाटणार नाही. नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डात एका देशाच्या वाट्याला वर्षाला साधारण ७ टक्केच येतात, आणि देश मोजतात तो जन्माचा, पासपोर्टचा नाही. दुबईत जन्मलेला मराठी इंजिनिअर आणि पुण्यात जन्मलेला त्याचा सख्खा भाऊ वेगवेगळ्या रांगेत उभे असतात. आपल्याला त्यात वर्षं मोजावी लागतात. डेव्हिडला जीव मोजावा लागला असता.

कारण १९२१ मध्ये वॉशिंग्टनमध्ये ह्यून सूनांचं सिंगमन री यांच्याशी बिनसलं होतं. कोरियन वकिलात उघडण्यावरून री यांनी त्यांना पदावरून काढलं. ह्यून सून हवाईला परतले आणि १९४० पर्यंत पाद्री राहिले. पण री १९४८ मध्ये दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष झाले. १९५० च्या ऑक्टोबरात डेव्हिडला लॉस एंजेलिसमध्ये अटक झाली. आरोप कम्युनिस्ट असल्याचा, शिक्षा हद्दपारी, ठिकाण कोरिया. म्हणजे बापाच्या वैऱ्याच्या हाती. खटला सुप्रीम कोर्टात गेला. १९५६ मध्ये न्यायमूर्तींची मतं समसमान पडली, आणि तसं झालं की खालच्या कोर्टाचा निकाल कायम राहतो. तो हद्दपारीचाच होता. तरी त्याला पाठवलं गेलं नाही. तो लॉस एंजेलिसमध्येच आर्किटेक्ट म्हणून राहिला. तिथल्या लिटल टोकियोतला जपानीज व्हिलेज प्लाझा त्याचाच. कोरियन क्रांतिकारकाच्या मुलाने जपानी वस्तीचा चौक बांधावा, हे मला त्या कुटुंबाच्या साऱ्या भाषणांपेक्षा मोठं वाटतं.

ॲलिसचं उलटं झालं. तिच्याकडे नागरिकत्व होतं. १९४९ मध्ये ती स्वतःहून प्रागमार्गे उत्तर कोरियात गेली. १९५५ मध्ये तिथे पाक होन-यंग यांच्यावर खटला चालला, त्यात तिचं नाव अमेरिकेची हेर म्हणून आलं. ती परतली नाही. पंधराएक वर्षांपूर्वी असती तर जपानची शत्रू. आता अमेरिकेची हेर. ज्या कागदाने डेव्हिड वाचला असता, तोच तिच्याविरुद्ध पुरावा ठरला.

यातलं काहीच ‘मान्से!’मध्ये घडत नाही, पुस्तक १९२० च्या दशकातच थांबतं. पुढची अमेरिका पीटरच्या मरणोत्तर आलेल्या ‘इन द न्यू वर्ल्ड’मध्ये आहे. पण हे ठाऊक असेल तर ‘मान्से!’मधला प्रत्येक प्रवास वेगळा वाचला जातो. आगगाडीत चढणाऱ्या त्या मुलांकडे बघताना आपण नकळत मोजू लागतो: हा इथला, ही तिथली. लेखकाने हा हिशेब मांडला नाही, कारण त्याच्या लेखी ती सगळी फक्त वडिलांची मुलं होती. पुस्तकाचा भाबडेपणा तो हाच, आणि मला तेच त्याचं बळ वाटतं. सरकारं भावंडांना जन्मगावानुसार वेगळं करत असताना त्याने त्यांना एका बाकावर बसवून ठेवलंय.

ह्यून सून १९६८ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये वारले. पुढे त्यांच्या अस्थी सोलच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत नेण्यात आल्या. एकेकाळी अमेरिका त्यांच्या मुलाला ज्या देशात शिक्षा म्हणून पाठवत होती, तिथेच वडील सन्मानाने परत गेले.