‘टाक्सिस’ : एका आडनावाचा अर्थ आणि वंशकथा

परदेशी स्थिरावलेल्या आडनावाचा अर्थ ठरविताना ध्वनिसाम्यावर व वंशकथांवर कितपत विसंबावे, या प्रश्नाचा विचार करण्यास जर्मनीतील ‘टुर्न उंट टाक्सिस’ हे नाव विशेष उपयुक्त आहे.

हे घराणे मूळचे उत्तर इटलीतील बेर्गामोजवळच्या कोर्नेल्लो या खेड्यातले, आडनाव ‘तास्सो’. कवी तोर्क्वातो तास्सो (१५४४–१५९५) याच कुळातील होय. पंधराव्या शतकाच्या अखेरीस फ्रांचेस्को तास्सो याने हाब्सबुर्ग राजांच्या टपालाची व्यवस्था पत्करली आणि हे नाव आल्प्सपलीकडे रुजले. लॅटिन लेखांत ते ‘दे तास्सिस’, म्हणजे ‘तास्सोंपैकी’, असे येते. यातील अंत्य ‘स’ हा पंचमीच्या बहुवचनाचा अवशेष. जर्मनीत तो नावाचाच अंश होऊन बसला.

इटालियनमध्ये ‘तास्सो’ म्हणजे बॅजर हा बिळात राहणारा प्राणी. तसाच यू नावाचा सूचिपर्णी वृक्षही. घराण्याच्या कुलचिन्हावर बॅजर आहे, म्हणून पहिला अर्थ सिद्ध झाला, असे प्रतिपादन केले जाते. ते निर्णायक म्हणता येणार नाही. कुलचिन्हावरून घराण्याने आपल्या नावाचा अर्थ कोणता मानला एवढेच कळते. नाव मुळात कशावरून पडले, हे कळत नाही. मात्र बॅजर हा अर्थ स्वीकारल्यास एक मौजेची गोष्ट दिसते. हा शब्द जर्मानिक भाषांतून लॅटिनमध्ये आला, असे सामान्यतः मानतात; जर्मन ‘डाक्स’ त्याचाच सगोत्र. म्हणजे शब्द माहेरी परतला, परंतु तेथे त्याला कोणी ओळखले नाही!

‘टुर्न’ या पूर्वपदाची कथा निराळी आहे. सतराव्या शतकात घराण्याने वंशावळकारांकरवी मिलानच्या जुन्या सत्ताधारी देल्ला तोर्रे कुळाशी आपले नाते जोडून घेतले. ‘तोर्रे’ म्हणजे मनोरा. त्याचे जर्मन रूप ‘टुर्न’. १६५० मध्ये या नावाला राजमान्यता मिळाली. परंतु आधुनिक इतिहाससंशोधनाला हे नाते मान्य नाही. राजमान्यता हे व्युत्पत्तीचे प्रमाण नव्हे.

‘टॅक्सी’ हा शब्दही याच घराण्यावरून आला, ही समजूत तर सर्वथा त्याज्य होय. तो भाडे मोजणाऱ्या ‘टॅक्सीमीटर’ या यंत्राच्या नावाचा संक्षेप असून त्याचे मूळ आकारणीवाचक मध्ययुगीन लॅटिन ‘ताक्सा’ या शब्दात आहे.

तात्पर्य, नावाचे मूळ, कुळाने मानलेला अर्थ आणि प्रतिष्ठेसाठी रचलेली वंशकथा यांची प्रमाणे वेगवेगळी आहेत. आडनावांच्या अभ्यासकाने ती एकमेकांत मिसळू देता कामा नयेत.