आठ तारांची आस

कापसाच्या हंगामात आमच्या बोरी अरबला घरात बसून वाद्य पारखू नये. भाव वाढेल या आशेनं माणसं कापूस घरातच भरून ठेवतात. माजघर, पडवी, कधी देवघराच्या उंबऱ्यापर्यंत ढीग. अशा खोलीत मेंडोलिन छेडलं की स्वर उमटल्या जागीच विझतो, सगळा कापूस पिऊन टाकतो. म्हणून पौषात चार मेंडोलिनं शेजारी-शेजारी ठेवून ऐकायचं ठरलं, तेव्हा मी सगळ्यांना बाहेर ओट्यावर बसवलं. उघड्यावर वाद्याला भिंतीचा आधार नसतो. आपल्या अंगात जेवढं आहे तेवढंच ते देतं.

निमित्त होतं आमच्या भजनी मंडळातल्या एका विशीतल्या मुलाचं. माझं कोलकात्याचं जुनं मेंडोलिन तो तीन वर्षं वाजवतो आहे. तूर विकून थोडे पैसे हाताशी आले आणि तो म्हणाला, "काका, आता चांगलं घ्याचं हाये. याचा आवाज त लवकर संपते."

त्याच्या या तक्रारीत पारखीचं सगळं शास्त्र आलं होतं. सतारिये ज्याला आस म्हणतात, छेडल्यानंतर तारेत मागे राहणारा आणि हळूहळू मावळणारा स्वर, ती मेंडोलिनला मुळातच थोडी मिळालेली असते. आडापासून घोडीपर्यंत तार जेमतेम पस्तीस सेंटिमीटर. चार स्वरांना दोन-दोन अशा आठ तारा, त्याही व्हायोलिनच्याच स्वरांत. पण व्हायोलिनला गज असतो, इथं एका आघातावर सगळं भागवायचं. नेपल्सच्या वादकांनी या उणिवेवर ट्रेमोलोचा तोडगा काढला: पिक इतक्या वेगानं खाली-वर फिरवायची की सुटे आघात एका सलग स्वरासारखे वाटावेत. हिंदी चित्रपटसंगीतानं मेंडोलिनचा हाच चेहरा उचलला. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'मध्ये १९९५ साली मोहरीच्या शेतात नायकाच्या हाती ते दिसलं, आणि त्यानंतर दुकानात गेलेला प्रत्येक मुलगा पहिल्यांदा ट्रेमोलोच वाजवून बघतो.

आमच्या मुलानंही तेच केलं. मी त्याचा हात धरला. ट्रेमोलोत वाईट वाद्य लपून जातं. पहिला आघात मरायच्या आत दुसरा येतो. म्हटलं, एकच स्वर छेड आणि हात बाजूला घे. मग ऐक, स्वर जातो कसा.

सज्जाद हुसेन हे मला या बाबतीत गुरुस्थानी वाटतात. 'संगदिल' आणि 'रुस्तम सोहराब'चे संगीतकार म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं, पण मेंडोलिनवर हिंदुस्थानी राग मांडणारा त्यांच्या तोडीचा वादक मी ऐकलेला नाही. पडद्यांच्या आणि जोडतारांच्या या वाद्यावर मींड काढायची, तर बोट सरकत असताना स्वर जिवंत राहायला हवा. आस संपली की मींडही संपली. दक्षिणेत यू. श्रीनिवास यांनी दुसरा मार्ग धरला: जोडतारा काढून पाच एकेरी तारा लावल्या, वाद्य विजेवर नेलं आणि गमकासाठी लागणारा लांब स्वर तिथून मिळवला. आपल्याला विजेविना, लाकडातूनच तो काढायचा आहे. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले लक्ष्मीकांत कुडाळकर लहानपणी हेच वाद्य घेऊन मुंबईच्या ध्वनिमुद्रणांत उभे राहायचे, हे मुलाला सांगितलं, तेव्हा तो ताठ बसला.

ओट्यावर माझं जुनं वाद्य होतं. मिशिगनहून सुटीवर आलेल्या भाच्याचं ईस्टमन ३०५ होतं. आणि नागपूरच्या एका वादक मित्रानं विश्वासानं पाठवलेली आणखी दोन ईस्टमन, ३०४ आणि ३१५. ईस्टमन कंपनी १९९२ साली उभी राहिली ती व्हायोलिनसाठी. बीजिंगच्या कारखान्यात लाकूड हातानं कोरणारे कारागीर तयार झाले आणि पुढे तेच हात मेंडोलिनकडे वळले. अख्ख्या स्प्रूसची कोरलेली तबली आणि मेपलची पाठ हजार डॉलरच्या आत मिळू लागली ती त्यामुळे. याआधी त्या किमतीत बहुधा प्लायच यायचा.

प्रथम जुनं. सपाट पाठ, प्लायची तबली. नवी वाद्यं उघडण्याआधी मी त्यावर दोन संध्याकाळी घालवल्या. तबलीवर पॉलिश पेपर खरखरीत बाजू वर करून ठेवला आणि घोडी त्यावर घासत राहिलो, तिचे पाय तबलीला फट न ठेवता बसेपर्यंत. मग बाराव्या पडद्याशी तार दाबून आणि नुसती स्पर्शून निघणारे दोन स्वर एक होईपर्यंत घोडी मागे-पुढे सरकवली, कारण ती चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानंच उभी असते. आडाच्या खाचा किंचित खोल केल्या, तार पडद्यापासून दीड मिलिमीटरवर आणली, फॉस्फर ब्राँझच्या हलक्या तारा चढवल्या. मिरजेचे कारागीर सतारीची जवारी काढतात त्याच्याशी या कामाचं नातं आहे. वाद्य तेच राहतं, बोलायला लागतं. मुलगा पाहतच राहिला. तारांचा खर्च सोडला तर खिशातून काही गेलं नव्हतं. वाद्य बदलायला निघालेल्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे की आधी घोडी बसवून घ्या. नाहीतर नीट न लावलेलं जुनं आणि नीट लावलेलं नवं अशी तुलना होते, आणि ती जुन्यावर अन्याय करते.

तरीही एक भिंत होती. वरच्या पडद्यांवर, सातव्याच्या पुढे, जुन्या वाद्याचा स्वर लाकडाच्या ठोक्यासारखा होत गेला. आघात ऐकू येतो, मागे काही उरत नाही. प्लायचे थर एकमेकांना आडवे असतात, ते एकमेकांना हलू देत नाहीत.

मग ३०५. आंब्याच्या फोडीसारखा थेंबाच्या आकाराचा घाट, ज्याला ए घाट म्हणतात. तबलीवर व्हायोलिनसारखी दोन एफ छिद्रं. मुलानं पांढरी दोनचा सा धरला. या पट्टीत मेंडोलिन आपल्याला सोयीचं पडतं: जाड जोडी मंद्र मध्यमावर, मग सा, मग पंचम, आणि सर्वांत बारीक जोडी तार रिषभावर. यमनात ही मोकळी तार रिषभ आयता देते. भैरवीत रिषभ कोमल, तिथं ती गप्प ठेवावी लागते. ३०५चा सा कोरडा, टोकदार आणि स्वच्छ. वाळलेली तुरीची शेंग कानाशी हलवावी आणि आतला दाणा न् दाणा मोजता यावा, तसा. बाराव्या पडद्यावरही तो फुटला नाही. आस मध्यम, पण मावळताना सूर ढळत नव्हता.

३०४ हे त्याचंच भावंड, लाकूड तेच, घाट तोच. फक्त दोन एफ छिद्रांच्या जागी मधोमध एक लंबगोल छिद्र. एवढ्यानं वाद्याचा स्वभाव बदलतो. जाड जोडी छेडली आणि ओट्यावरची बोलणी थांबली. विहिरीत डोकावून हाक मारावी आणि ती खालून भरून यावी, तसा घुमारा. पंचमाची जोडी सोडली तर सा आपोआप खालून जागा होतो. सज्जादांची संथ मींड मी या वाद्यावर, माझ्या थकलेल्या बोटांनी, पहिल्यांदा जवळपास पूर्ण ओढू शकलो. या किमतीत इतकी आस मिळेल असं मला वाटलं नव्हतं, आणि ऐकताना डोळे भरून आले हे इथं लिहून ठेवतो.

३१५ दिसायला सर्वांत देखणं. वरच्या बाजूला शंखासारखी कोरीव वळी, खाली दोन टोकं. हा एफ घाट अमेरिकेतल्या कलामझूचा; ऑर्व्हिल गिब्सन यांनी तिथं कोरीव तबलीच्या मेंडोलिनचं पेटंट १८९८मध्ये घेतलं आणि लॉइड लोर यांनी १९२२मध्ये एफ-५ला आज प्रमाण मानलं जाणारं रूप दिलं. ब्लूग्रास संगीताचे जनक बिल मन्रो यांनी कित्येक दशकं जे वाजवलं त्याच्या आत लोर यांची सही आणि ९ जुलै १९२३ ही तारीख आहे. त्याच साली आमच्या शकुंतला रेल्वेचं मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन यवतमाळ–मूर्तिजापूरच्या अरुंद रुळांवर धावू लागलं आणि १९९४पर्यंत धावलं. त्या काळच्या कारखान्यांत वस्तू कशा घडवल्या जात, हे मला या दोन गोष्टी शेजारी ठेवल्यावर नीट उमगतं. पण ३०५ आणि ३१५ मी डोळे मिटून पाच-सहा वेळा ऐकली, भाच्यानं क्रम बदलून-बदलून, आणि मला ती वेगळी काढता आली नाहीत. लाकूड तेच, छिद्रं तीच. वळी कोरायला कारागिराचे कितीतरी तास जातात आणि किंमत त्या तासांची असते. भाचा म्हणाला, "मामा, तिकडे ब्लूग्रासवाल्यांना एफशिवाय चालतच नाही." त्यांच्या परंपरेचा तो मान आहे, तो त्यांनी राखावा. ज्याच्याकडे तुरीचे मोजके पैसे आहेत त्यानं वळीचे पैसे लाकडात घालावेत.

इथवर माझं मत ३०४कडे झुकलं होतं. मग संध्याकाळी मंडळ जमलं. आमचं भजन तुकडोजी महाराजांच्या वळणाचं, खंजिरीवर चालणारं. पेटी, टाळ, दोन खंजिऱ्या, वीस गळे. मी उठून रस्त्यापलीकडे निंबाखाली जाऊन उभा राहिलो आणि मुलाला आळीपाळीनं दोन्ही वाजवायला सांगितलं. ३०४चा सगळा घुमारा पेटीच्या स्वरात मिसळून गेला. काहीतरी गोड आहे एवढं कळे, बोल कळेना. ३०५चा मात्र प्रत्येक आघात खंजिरीच्या दोन थापांमधल्या फटीतून सरळ निंबापर्यंत आला. जवळून ज्याला मी कोरडेपणा म्हटलं होतं, तो वीस पावलांवर स्पष्टपणा झाला होता. वाद्याची परीक्षा ते जिथं वाजणार तिथंच व्हावी, हे मी सत्तरीकडे झुकताना निंबाखाली शिकलो.

एक काळजी तरीही राहतेच. अख्ख्या लाकडाची तबली मधोमध सांधलेली असते. वैशाखात आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो, हवा भाजून निघते, लाकूड आकसतं. मग आषाढात अडाण नदी भरून वाहते आणि तेच लाकूड फुगतं. प्लायनं हे चाळीस वर्षं निमूट सोसलं, आणि तो त्याचा खरा गुण आहे. कोरीव तबलीला जपावं लागेल. मुलाला सांगितलं आहे: पेटीत साबणाच्या डबीला भोकं पाडून आत ओला, पिळलेला स्पंज ठेवायचा, दर तीन दिवसांनी बघायचा, पाऊस लागला की काढून टाकायचा. पत्र्याखाली ठेवायचं नाही. मोटारसायकलवर दुपारचं न्यायचं नाही.

त्यानं ३०५ ठरवलं. भाचा म्हणाला, "हेच ठेव, मी तिकडे दुसरं घेतो," आणि किंमत वापरलेल्या वाद्याच्या हिशेबानं लावली. जुनं आता मुलाच्या धाकट्या बहिणीकडे गेलं आहे; तिची बोटं लहान आहेत आणि हलक्या तारा तिला मानवतात.

३०४ आणि ३१५ नागपूरला परत जायची होती. ३१५ची पेटी मी लगेच बांधली. ३०४ची बांधून पुन्हा उघडली, जाड जोडी एकदा छेडली, आणि स्वर पुरता विझेपर्यंत झाकण हातात धरून उभा राहिलो.