‘कोम दे गार्सों’ची शिस्त

कपड्यांच्या ब्रँडविषयी बोलायला लागलो की एक प्रश्न हमखास येतो. ब्रँडमध्ये सातत्य हवे असे सगळे सांगतात, पण सातत्य म्हणजे नेमके काय? एक लोगो ठरवला, दोन रंग ठरवले, अक्षरांचे एक वळण ठरवले आणि तेच पाच-सात वर्षे चालवले की झाले का? आज याचे उत्तर एका उदाहरणातून शोधू. उदाहरण आम्ही मुद्दाम अडचणीचे घेतले आहे : जपानमधला ‘कोम दे गार्सों’ हा ब्रँड आणि तो उभा करणाऱ्या रेई कावाकुबो. अडचणीचे अशासाठी, की सहा महिन्यांपूर्वी केले ते पुन्हा करायचे नाही, हाच या बाईंचा नियम. दर वेळी नवे करायचे आणि तरी लांबून ओळखू यायचे, हे कसे जमते?

थोडी पार्श्वभूमी. कावाकुबोंचा जन्म १९४२चा, टोकियोतला. शिवणकामाचे किंवा फॅशनचे शिक्षण नाही. केइओ विद्यापीठात कला आणि साहित्य शिकल्या, मग असाही कासेई या कापड-धागा बनवणाऱ्या कंपनीच्या जाहिरात विभागात नोकरी. पुढे छायाचित्रांसाठी कपडे जमवण्याचे काम स्वतंत्रपणे करू लागल्या, आणि मनासारखे कपडे मिळेनात म्हणून स्वतःच करून घेऊ लागल्या. १९६९ला ब्रँडचे नाव पडले, १९७३ला कंपनी झाली, १९८१ला पॅरिसमध्ये पहिले सादरीकरण. म्हणजे पॅरिसला जाण्याआधी बारा वर्षे घरच्या बाजारात काढलेली आहेत. ही बारा वर्षे आपण गोष्ट सांगताना गाळतो, ते बरोबर नाही.

१९८२च्या संग्रहातला एक काळा स्वेटर प्रसिद्ध आहे. त्याला ठिकठिकाणी भोके. पाश्चात्त्य समीक्षकांतल्या काहींनी याला भिकाऱ्यांचे कपडे ठरवले, काहींनी तर थेट हिरोशिमाचा संबंध जोडला. आता भोके पडली कशी ते बघा. विणकामाच्या यंत्राचे स्क्रू जागोजागी थोडे ढिले केले, जेणेकरून यंत्राला आपले काम चोख करता येऊ नये. इचलकरंजीत मागाचा स्क्रू ढिला झाला तर जॉबरला हाक मारतात, मालकाचा जीव वरखाली होतो. इथे मालकीणच सांगते आहे, ढिला करा. पण सांगायचा मुद्दा हा, की हा गलथानपणा नव्हता. किती ढिला करायचा, कुठे करायचा, भोक पडूनही स्वेटर अंगावर टिकला पाहिजे, हे सगळे ठरवावे लागते. नुसते फाडलेले कापड आणि हा स्वेटर यांत जे अंतर आहे, त्याला आम्ही शिस्त म्हणतो.

दुसरी गोष्ट त्यांच्या कामाच्या पद्धतीची, आणि आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाची. आपल्याकडे ज्याला कटिंग मास्टर म्हणतात, कपडा बेतणारा माणूस, त्याच्यापुढे सहसा नीट काढलेले चित्र येते. कावाकुबो पुष्कळदा चित्र देतच नाहीत. एखादा शब्द देतात. एकदा नुसता चुरगाळलेला कागद दिला, असा पॅटर्न बनवा म्हणून. बेतणाऱ्याने त्यातून काहीतरी करून आणायचे, बाईंनी बघायचे, नको म्हणायचे, पुन्हा करायचे. क्रिएटिव्ह डायरेक्शन हा शब्द आजकाल फार स्वस्त झाला आहे. इन्स्टाग्रामवरचे फोटो एका छटेचे दिसले की लोक तोच वापरतात. इथे त्याचा अर्थ साधा आहे. समोर आलेल्या वीस गोष्टींतल्या एकोणीस परत पाठवायच्या, आणि का परत पाठवल्या हे खोलीतल्या सगळ्यांना हळूहळू कळत जावे अशा रीतीने पाठवायच्या. जुन्या वातानाबे १९८४ला याच खोलीत पॅटर्न बनवणारे म्हणून आले. १९९२पासून त्याच कंपनीत त्यांचे स्वतःच्या नावाचे लेबल आहे. केई निनोमियांचेही तसेच. नक्कल करणारी माणसे तयार झाली असती तर हे घडले नसते.

रंगाचेच घ्या. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला टोकियोत काळे कपडे घालणाऱ्या तरुणांना लोक ‘कावळ्यांची जमात’ म्हणत. एवढी ओळख हाती आल्यावर दुसरा कोणी जन्मभर काळाच विकत बसला असता. बाईंनी दशक संपायच्या आत लाल पुढे आणला. १९९७च्या वसंत संग्रहात चौकड्यांच्या ताणल्या जाणाऱ्या कापडाखाली पाठीवर, कमरेवर, खांद्यावर गाद्या भरल्या. शरीराची ठरलेली रेषाच मोडली. दुकानदारांची पंचाईत झाली असणार, पण त्याच वर्षी मर्स कनिंगहॅम यांनी ‘सिनॅरिओ’ या नृत्यासाठी हाच विचार पोशाखात घेतला. काळा गेला, भोके गेली, तरी काम ओळखू येते, कारण प्रश्न तोच राहिला : कपडा शरीराला शोभवण्यासाठीच असतो, हे कोणी ठरवले?

हे परवडते कसे, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. यायलाच हवा. कंपनी खाजगी आहे, सूत्रे बाईंच्याच हातात आहेत. नको म्हणणारी व्यक्ती आणि मालक एकच. तुलनेला गुची घ्या. अलेस्सांद्रो मिकेले २०२२च्या शेवटी गेले, साबातो दे सार्नो २०२३मध्ये आले आणि २०२५च्या फेब्रुवारीत गेले, पुढच्याच महिन्यात डेम्ना यांचे नाव जाहीर झाले. यात त्या कलावंतांचा दोष काढण्यात अर्थ नाही. विक्री घसरली की दिग्दर्शक बदलायचा, अशी रचना असेल तिथे दहा वर्षांचा प्रश्न कोण हाती घेणार?

पण मालकी हे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे आहे ‘प्ले’. २००२ला सुरू झालेली ही शाखा. साधे टी-शर्ट, पट्ट्यांचे बनियन, आणि त्यावर फिलिप पागोव्स्की यांनी काढलेले दोन डोळ्यांचे लाल हृदय. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ते पाहिले असेल, कदाचित नकली मालावर. ते बदलत नाही. जी पुनरावृत्ती मुख्य संग्रहात चालत नाही, तीच इथे पोटापाण्याला चालते. याला ढोंग म्हणणारे लोक आहेत. आम्ही म्हणत नाही. दोन खोल्या वेगळ्या ठेवल्या आणि मधले दार बंद ठेवले, यातही शिस्तच आहे. मात्र किंमत मोजावी लागलीच. आज जगात कितीतरी जणांना हा ब्रँड म्हणजे ते हृदयच वाटते, आणि भोकांचा स्वेटर त्यांच्या गावीही नाही. २००४ला बर्लिनपासून सुरू केलेल्या गनिमी दुकानांत हे टाळले होते : स्वस्त भाड्याची जागा, फारशी सजावट नाही, आणि धंदा चालत असला तरी वर्षाने बंद. हृदयाला मात्र असा मुदतीचा नियम लावला गेला नाही. लावायला हवा होता, असे आम्हाला वाटते.

आता खरी तक्रार. १९९५च्या जानेवारीत पुरुषांच्या संग्रहात पट्ट्यापट्ट्यांचे पायजम्यासारखे कपडे आले, काहींवर आकडे होते. नेमकी तीच वेळ आउश्वित्झच्या मुक्ततेच्या पन्नासाव्या स्मृतिदिनाची. गदारोळ झाला, हेतू तसा नसल्याचे सांगून ते कपडे मागे घेतले. २०२०ला पुन्हा पुरुषांच्याच संग्रहात गोऱ्या मॉडेलांच्या डोक्यावर कृष्णवर्णीयांच्या वेण्यांचे टोप, आणि पुन्हा माफी. पंचवीस वर्षांच्या अंतराने त्याच जातीची चूक. ज्या खोलीत एकच माणूस नको म्हणतो, तिथे त्या माणसाला ‘हे नको’ म्हणणारे कोणी उरत नाही. १९८२ला बाहेरच्यांचे न ऐकणे हे बळ होते. पुढे तोच कान बहिरा ठरला. बाईंच्या भक्तांना हे बोललेले आवडत नाही, त्याला इलाज नाही.

२०१७ला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने त्यांच्या एकटीच्या कामाचे प्रदर्शन भरवले. हयात असताना असा मान तिथे आधी फक्त इव्ह सँ लोराँ यांना, १९८३ला, मिळाला होता. बाईंनी वयाची ऐंशी ओलांडली आहे. साथीच्या काळात सादरीकरण टोकियोत करावे लागले, पण थांबले नाही. वातानाबे आणि निनोमिया आपापल्या नावाने काम करतातच. पण मुख्य संग्रहासाठी तो चुरगाळलेला कागद उद्या कोण देणार, आणि समोर आलेले कोण परत पाठवणार, हे नियमावलीत लिहून ठेवण्यासारखे नाही. बरं, आमचा वेळ संपला, आता तुमचे प्रश्न घेऊ.